१९७६ च्या मे महिन्यातले गाणे

वाचकाचे पत्र (संक्षिप्त)

मी ६५ वर्षांचा, बँकेतून निवृत्त झालेला पुणेकर आहे. तरुणपणापासून इंग्रजी रॉक आणि पॉप ऐकणारे आम्ही आठ-नऊ मित्र दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कोणा एकाच्या घरी जमतो. प्रत्येकाने आपल्या आवडीचे एक गाणे लावायचे आणि त्याची आठवण सांगायची, एवढाच आमचा कार्यक्रम असतो. आमच्यातला एक, माझा सर्वांत जवळचा मित्र, तीन वर्षांपूर्वी वारला. त्याच्या पत्नी, आमच्या वहिनी, तेव्हापासून बैठकीला येतात. त्या गाणे लावत नाहीत, पण आवडीने ऐकतात.

दोन महिन्यांपूर्वी मी 'हॉटेल कॅलिफोर्निया' लावले आणि त्याची आठवण सांगितली. दहावीच्या परीक्षेनंतरच्या सुट्टीत, १९७६ च्या मे महिन्यात, मी प्रथमच या मित्राच्या घरी गेलो होतो. त्याच्या काकांनी मस्कतहून आणलेल्या टू-इन-वनवर त्याने हे गाणे लावले. आम्ही थम्स अपच्या बाटल्या घेऊन गच्चीवर बसलो होतो. शेवटची गिटार रंगात आली की नेमकी कॅसेटची बाजू संपायची आणि बटण खट्‌कन वर यायचे. माझे शिक्षण मराठी माध्यमात झालेले. शब्द निम्मेही कळत नव्हते, म्हणून मी ते ऐकू येतील तसे देवनागरीत वहीत उतरवून घेतले होते. मी हे सांगत असतानाच आमच्यातल्या एका निवृत्त अभियंत्याने फोन उघडला आणि हा अल्बम डिसेंबर १९७६ मध्ये निघाला, असे सर्वांना वाचून दाखवले. सगळे हसले. वहिनी काही बोलल्या नाहीत. त्यानंतर मी गेलेलो नाही. मी इतकी वर्षे खोटी आठवण जपत आलो का? बैठकीत फोन उघडण्यास बंदी घालावी, असे मी सुचवावे का? की आता जाणेच थांबवावे?

उत्तर

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यावरच अवलंबून आहेत. तुम्ही खोटे बोललेला नाहीत. परंतु १९७६ च्या मे महिन्यात तुम्ही ते गाणे ऐकलेले नाही, हेही तितकेच निश्चित आहे. ईगल्स या अमेरिकन समूहाचा तो अल्बम ८ डिसेंबर १९७६ रोजी अमेरिकेत प्रसिद्ध झाला, त्याच नावाचे गाणे स्वतंत्र तबकडीच्या रूपाने १९७७ च्या फेब्रुवारीत निघाले आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात ते बिलबोर्ड या अमेरिकन नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. जे गाणे अद्याप बाहेर पडलेले नव्हते, ते पुण्यातल्या एका गच्चीवर वाजणे शक्य नव्हते. या मुद्द्यावर तुमच्या अभियंता मित्रांशी वाद घालू नका. त्यांनी ज्या वेळी आणि ज्या रीतीने ते सांगितले त्याबद्दल बोलता येईल, पण त्यांची तारीख बरोबर आहे.

मात्र तुमचे पत्र बारकाईने वाचले, तर त्याच पत्रात खऱ्या वर्षाचा माग दडलेला आहे, आणि तो तुमच्या मित्रांच्या फोनमध्ये नाही. तुम्ही थम्स अपच्या बाटल्यांचा उल्लेख केला आहे. थम्स अप हे पेय १९७७ मध्ये बाजारात आले. जनता सरकारच्या काळात, परकीय भागभांडवलाच्या अटींवरून खटके उडून कोका-कोला कंपनी १९७७ साली भारतातून बाहेर पडली आणि ती जागा पार्ले कंपनीच्या थम्स अपने घेतली. १९७६ च्या मे महिन्यात तुमच्या हातात बाटली असलीच, तर ती थम्स अपची असू शकत नाही. याचा अर्थ असा की थम्स अप हातात धरून घालवलेली तुमची पहिली मे महिन्याची सुट्टी बहुधा १९७८ ची आहे. आणि तुम्ही १९७६ मध्ये दहावी झाला असाल, तर १९७८ मध्ये तुम्ही बारावीची परीक्षा दिलेली असणार. दोन्ही वर्षी बोर्डाची परीक्षा, दोन्ही वर्षी निकालाची वाट पाहणारी लांबलचक सुट्टी, दोन्ही वर्षी तोच मित्र आणि तीच गच्ची. या दोन सुट्ट्या तुमच्या मनात एकमेकींत मिसळल्या आणि त्यांतल्या अधिक मोठ्या वाटणाऱ्या प्रसंगाचे, म्हणजे त्या घरात प्रथम पाऊल टाकल्याचे, वर्ष त्या गाण्याला चिकटले.

आता कॅसेटच्या बाजूकडे वळू, कारण पत्रातला मला सर्वांत आवडलेला तपशील तोच आहे. तुम्ही लिहिता की शेवटची गिटार ऐन रंगात असताना बाजू संपत असे. मूळ अल्बममध्ये हे गाणे पहिल्या बाजूवरचे पहिलेच गाणे आहे. त्याच्यानंतर आणखी गाणी आहेत. अल्बमची विकत घेतलेली किंवा सरळ तबकडीवरून जशीच्या तशी भरून घेतलेली कॅसेट असती, तर हे गाणे बाजूच्या शेवटी येऊन तुटले नसते. तेव्हा तुमच्या मित्राकडची कॅसेट कोणीतरी निरनिराळ्या ठिकाणची गाणी निवडून भरलेली होती आणि साडेसहा मिनिटांचे हे गाणे उरलेल्या फितीत मावेल, असा त्या भरणाऱ्याचा अंदाज चुकला. साठ मिनिटांच्या कॅसेटच्या एका बाजूवर अर्धा तास मिळतो, नव्वदच्या कॅसेटवर पाऊण तास. या हिशेबात फसलेली असंख्य गाणी त्या काळातल्या घराघरांत होती. अशी कॅसेट तयार व्हायला आधी कोणाकडे तरी मूळ तबकडी यावी लागते, ती हातोहात फिरावी लागते, आणि त्यातही काळ जातो. १९७८ हे वर्ष या दृष्टीनेही अधिक सयुक्तिक ठरते.

हे मी तुमचे सांत्वन करण्यासाठी लिहिलेले नाही. आठवण आणि तारीख या दोन गोष्टी मनात वेगवेगळ्या साठवल्या जातात, हे मानसशास्त्राला चांगले ठाऊक आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी विचारल्या, तर दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या काळातल्या आठवणी प्रमाणाबाहेर जास्त येतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसून आले आहे. आपल्या पिढीला त्या वयातली गाणी अजूनही सर्वांत चांगली का वाटतात, याचे निम्मे उत्तर तिथेच आहे. (उरलेले निम्मे उत्तर, ती खरोखरच चांगली होती, असे आहे, पण ते माझे मत झाले.) परंतु ठळक आठवण म्हणजे अचूक आठवण नव्हे. १९८६ मध्ये अमेरिकेचे चॅलेंजर यान कोसळले, तेव्हा उल्रिक नाइसर आणि निकोल हार्श या संशोधकांनी दुसऱ्याच दिवशी विद्यार्थ्यांकडून ती बातमी आपण कुठे, कशी ऐकली हे लिहून घेतले आणि सुमारे अडीच वर्षांनी पुन्हा तेच विचारले. कित्येकांची उत्तरे पूर्णपणे बदललेली होती, आणि तरीही आपली नवी उत्तरेच बरोबर आहेत, याची त्यांना पक्की खात्री होती. तुम्ही तर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीचा प्रसंग सांगत आहात, आणि इतक्या वर्षांत तो बहुधा अनेकदा सांगितलेला असणार. दर वेळी सांगताना त्याला साल जोडले जाते आणि पुढच्या वेळी मूळ प्रसंगापेक्षा आपले मागच्या वेळचे सांगणेच अधिक आठवते.

तुमच्या अभियंता मित्रांनाही इथे एक गोष्ट कळवायला हवी, ती म्हणजे प्रकाशनाची तारीख हा पुरावा एकाच दिशेने चालतो. गाणे त्या तारखेच्या आधी ऐकले असे कोणी म्हटले, तर तारीख ते खोडून काढते. पण आपण ते नेमके केव्हा ऐकले, याबद्दल ती काहीच सांगत नाही. लंडन किंवा न्यूयॉर्कमध्ये निघालेली तबकडी आपल्याकडे त्याच महिन्यात दुकानात येत नसे. आयातीवर कडक निर्बंध होते, इथे छापल्या जाणाऱ्या परदेशी तबकड्यांची निवड तोकडी होती आणि ज्यांचे कोणी आखातात, जहाजावर किंवा विलायतेत नव्हते, त्यांनी मुंबईत काळ्या घोड्याजवळच्या ऱ्हिदम हाऊस या तबकड्यांच्या दुकानात जाऊन ऐकण्याच्या खोलीत कान तृप्त करून परत यायचे, अशी पद्धत होती. (ते दुकान २०१६ मध्ये बंद झाले.) रेडिओ त्या मानाने जलद होता. बीबीसीची लघुलहरींवरची सेवा होती आणि रेडिओ सिलोनची इंग्रजी सेवा होती; १९७२ नंतर तिचे अधिकृत नाव बदलले, पण ते नाव आपल्याकडे कोणी वापरल्याचे मला आठवत नाही. एखादे १९७३ चे गाणे पुण्यातल्या मुलाने १९७९ मध्ये प्रथम ऐकले आणि ते त्याच्या दृष्टीने १९७९ चेच गाणे राहिले, तर त्यात त्याची काहीही चूक नाही.

दिनांकाच्या बाबतीतही हेच होते, आणि याचे माझे आवडते उदाहरण जॉन लेननच्या मृत्यूचे आहे. कोणत्याही संदर्भग्रंथात तो ८ डिसेंबर १९८० असा दिलेला असतो. पण न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा तिथे रात्रीचे पावणेअकरा वाजून गेले होते, म्हणजे भारतात ९ तारखेचे सकाळचे सव्वानऊ झाले होते. त्या दिवसाची सकाळची वर्तमानपत्रे तोवर घरोघर पोहोचलेली होती. त्यामुळे ज्याने ही बातमी सकाळच्या वर्तमानपत्रात वाचली, त्याला ती १० डिसेंबरलाच कळली. तुमच्या बैठकीत उद्या कोणी म्हणाले की लेनन गेल्याचे मी दहा तारखेला चहा पिताना वाचले, तर फोन उघडून त्याला दोन दिवसांनी चुकीचे ठरवता येईल, आणि तरीही तो अगदी बरोबर असेल.

यावरून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देते. फोनवर बंदी घालण्याचा प्रस्ताव मांडू नका. तो तुम्ही मांडलात, तर हरलेल्या माणसाने मागितलेली सवलत असेच त्याचे स्वरूप होईल, आणि एकदा बंदी आली की ती मोडण्यातच लोकांचा वेळ जाईल. शिवाय, दुसऱ्याची चूक जागच्या जागी दाखवून देण्याची ओढ पुण्यात नियमाने आटोक्यात आल्याचे उदाहरण माझ्या ऐकिवात नाही. क्रम बदलावा, असे सुचवा. आधी सांगणाऱ्याने आठवण पूर्ण सांगावी. मग गाणे पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये कोणीही न बोलता ऐकावे. आणि त्यानंतर ज्यांना तारखा, वादक, ध्वनिमुद्रणाची जागा यांबद्दल सांगायचे असेल त्यांनी खुशाल सांगावे. अशा माहितीने गाणे खरोखर अधिक ऐकू येते. त्या शेवटच्या गिटारमध्ये डॉन फेल्डर आणि जो वॉल्श असे दोघे वादक एकमेकांना उत्तरे देत वाजवतात आणि मूळ चाल फेल्डरची आहे, हे माहीत झाल्यावर ते गाणे पुन्हा ऐकून पाहा. दोन वेगळे हात ऐकू येऊ लागतात. तुमच्या अभियंता मित्रांकडे असे बरेच काही असणार. तारखांवर इतका जीव असलेला माणूस त्या गाण्यांवर तुमच्याइतकेच प्रेम करत असतो; फक्त त्याचे प्रेम नोंदवहीच्या वाटेने जाते. त्यांना स्वतःहून फोन करा आणि थम्स अपचा पुरावा त्यांच्यासमोर ठेवा. माझा अंदाज असा आहे की ते १९७८ च्या बाजूने तुमच्यापेक्षाही हिरिरीने युक्तिवाद करतील. सर्वांसमोर, वहिनी बसलेल्या असताना, त्यांनी ज्या रीतीने वाचून दाखवले ते तुम्हाला लागले, हेही त्याच फोनवर एका वाक्यात सांगून टाका. ते मनात ठेवून बैठकीला जाण्यात अर्थ नाही.

आणखी एक काम तुम्ही करावे, असे मला वाटते. 'हॉटेल कॅलिफोर्निया' १९७८ कडे सरकले, तर १९७६ च्या मे महिन्यात त्या गच्चीवर काय वाजत होते, हा प्रश्न मोकळा राहतो. तुम्ही त्या घरी प्रथम गेलात ते १९७६ मध्येच असेल, आणि टू-इन-वन तेव्हा आलेला असेल तर त्यावर काहीतरी वाजलेही असेल. १९७५ च्या अखेरीपर्यंत निघालेली गाणी एका सलग सायंकाळी ऐकून पाहा. १९७४ मध्ये युरोव्हिजन स्पर्धा जिंकून आलेला आबा हा स्वीडनचा समूह, आपल्याकडे घरोघर वाजणारे कार्पेंटर्स, १९७५ मध्येच निघालेले क्वीनचे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', ईगल्सचाच त्याच वर्षीचा 'वन ऑफ दीज नाइट्स'. ओळखीची गाणी सगळीच वाटतील, त्यामुळे घाईने निर्णय करू नका. एखाद्या गाण्याबरोबर नवा तपशील आला, जिना, खोलीतला पंखा, घरात असलेले दुसरे कोणी, तरच ते त्या सुट्टीचे समजा. गाण्यांचे उच्चार उतरवलेली ती वही जपून ठेवली असेल, तर याहून सोपे काहीच नाही, कारण 'हॉटेल कॅलिफोर्निया'च्या आधीच्या पानांवर त्याआधीची गाणी असणार. आणि ती वही बैठकीत न्या. मराठी माध्यमातल्या मुलाने कानाने टिपलेले अमेरिकन उच्चार ही हसण्याची गोष्ट आहेच, पण या वेळी हसण्याला सुरुवात तुम्ही करून द्याल. इंग्रजी शाळेत शिकलेल्यांनाही त्या गाण्यातले सगळे शब्द कळत नव्हते, हे ते कबूल करतील का, ते पाहा.

आता वहिनींबद्दल. त्या गप्प राहिल्या, याचा अर्थ त्यांनी तुम्हाला खोटे ठरवले, असा तुम्ही लावलात. मला त्याला काही आधार दिसत नाही. त्या प्रसंगाच्या वेळी त्यांचे लग्न झालेले नव्हते, त्या गच्चीवर नव्हत्या, आणि साल १९७६ होते की १९७८, याने त्यांना काय फरक पडणार? त्यांनी त्या दिवशी जे ऐकले ते आपल्या पतीच्या सोळाव्या-अठराव्या वर्षांबद्दल होते, जे सांगू शकणारी माणसे आता मोजकीच उरली आहेत. त्यातले सर्वांत जवळचे तुम्ही, आणि तुम्हीच दोन महिने गेलेला नाहीत. मला खरोखर खटकली ती तुमच्या पत्रातली दुसरीच ओळ, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे: वहिनी गाणे लावत नाहीत. त्या लावत नाहीत, की त्यांना कोणी विचारलेले नाही? तीन वर्षे एक बाई तुमच्या बैठकीत बसून आठ-नऊ पुरुषांच्या तारुण्याच्या आठवणी ऐकते आहे आणि त्या सगळ्यांना ती स्वतः त्या मित्राच्या आठवणीपुरतीच ठाऊक आहे, असे तर झालेले नाही ना? त्यांच्या घरी ती गाणी लग्नानंतरही अनेक वर्षे वाजली असणार. त्यांना त्यांतली काही आवडली असतील, काहींचा कंटाळा आला असेल, आणि त्यांची स्वतःची अशी काही वेगळीच गाणी असतील, जी कदाचित इंग्रजी नसतीलही. तुमच्या बैठकीचा नियम त्याला आड येत असेल, तर त्यांच्यापुरता नियम बाजूला ठेवा.

बैठकीच्या आधी एकदा त्यांच्याकडे जाऊन या. वर्षाचा घोळ त्यांना साध्या शब्दांत सांगा, थम्स अपची गोष्ट सांगा आणि मग त्यांना विचारा की पुढच्या रविवारी त्या काय लावतील. लगेच उत्तर मिळाले नाही, तर पुन्हा विचारू नका. विचारले गेले आहे, एवढे पुरेसे आहे. जुन्या कॅसेटी घरात आहेत का, हा प्रश्न पहिल्या भेटीत तुम्ही काढू नये, असे माझे मत आहे, कारण त्या प्रश्नाला पुरावा मागण्याचा वास येतो. त्यांनी स्वतःहून विषय काढला तर गोष्ट वेगळी.

म्हणजे तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर, जा, असे आहे; आणि पुढच्या महिन्यातच जा, कारण तिसऱ्यांदा चुकवलेत की न जाण्याला सवयीचे रूप येईल.

ती कॅसेट मिळालीच, तर ती घरातल्या जुन्या टेपमध्ये घालून लगेच सुरू करू नका. चाळीस-पन्नास वर्षे पडून राहिलेल्या फितीचे थर एकमेकांना चिकटलेले असू शकतात, तिच्यावर बुरशी असू शकते, आणि फितीमागचा तो लहानसा गादीचा तुकडा बहुतेक वेळा गळून पडलेला असतो. पांढरी पूड दिसली तर तिला हातच लावू नका. तसे काही नसेल, तर सहा कोनी पेन्सिलीने हळूहळू फीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून घ्या आणि कॅसेटीवरून संगणकावर आवाज उतरवून देणाऱ्या जाणत्या माणसाकडे द्या. दोन्ही बाजू पूर्ण उतरवायला सांगा, कोरा वाटणारा भागसुद्धा, कारण घरी भरलेल्या कॅसेटींत दोन गाण्यांच्या मध्ये माणसांचे बोलणे राहून गेलेले असते. खरखर काढून आवाज स्वच्छ करून देऊ का, असे तो विचारेल. आधी जशीच्या तशी एक प्रत घ्या, आणि स्वच्छ करायची असेल तर ती दुसरी करा.